हिमोग्लोबिन उतरतंय, दोन्ही दुर्बिणी नॉर्मल. आता कॅप्सूल गिळायची का?

प्रश्न थोडक्यात असा: आई ६३ वर्षांची, सांगलीकडच्या गावी राहते. दीड वर्षात तीनदा रक्त चढवावं लागलं. हिमोग्लोबिन ६-७ वर येतं, लोहाची इंजेक्शनं दिली की चढतं आणि तीन-चार महिन्यांत पुन्हा घसरतं. अधूनमधून शौच काळी होते. तोंडातून आणि गुदमार्गातून, दोन्ही दुर्बिणींच्या तपासण्या नॉर्मल आल्यात. आता कॅप्सूल एन्डोस्कोपी, म्हणजे गिळायच्या बारक्या कॅमेऱ्याने आतडं बघायची तपासणी, सांगितली आहे. खर्च मोठा, म्हणून तुम्ही विचारताय की संशोधन नेमकं काय म्हणतं, कॅप्सूल आत अडकली तर काय, आणि तीही नॉर्मल आली तर पैसे पाण्यात गेले असं समजायचं का.

मी पोटविकारतज्ज्ञ आहे. अठरा वर्षं कॅप्सूल वाचतोय. (आम्ही कॅप्सूलचा व्हिडिओ ‘बघितला’ म्हणत नाही, ‘वाचला’ म्हणतो. का, ते पुढे येईलच.) उत्तर देण्याआधी मलाच एक विचारायचंय: आईच्या गुडघ्यांसाठी काय चालू आहे?

विषय बदलत नाहीये. साठीपुढच्या बायकांच्या रक्तस्रावाचं मूळ कितीदा तरी मला त्यांच्या पिशवीत सापडलंय. गुडघेदुखीची गोळी ‘कधीतरीच’ घेते असं घरचे सांगतात, आणि पिशवी उलटी केली की डायक्लोफिनॅकची अर्धी संपलेली तीन पाकिटं बाहेर पडतात. सोबत पित्ताची गोळी असते, म्हणून सगळे निर्धास्त. पण ती गोळी जठराचं आणि त्याच्या लगतच्या भागाचं संरक्षण करते. पुढच्या लहान आतड्याला तिचा काही उपयोग नाही.

हे आम्हाला कळलं तेच मुळी कॅप्सूलमुळे. २००५ मध्ये एक अभ्यास छापून आला. ४० धडधाकट माणसांना दोन आठवडे डायक्लोफिनॅक दिलं, जठर सांभाळायला ओमेप्राझोलही दिलं, आणि आधी-नंतर कॅप्सूल गिळायला लावली. ६८ टक्के लोकांच्या लहान आतड्यात नव्या जखमा दिसल्या. त्याच वर्षी गोल्डस्टीन यांच्या गटाने नॅप्रोक्सेन अधिक ओमेप्राझोल, सेलेकॉक्सिब (ही दोन्हीही वेदनाशामकंच) आणि औषध नसलेली नुसती खोटी गोळी अशी तुलना केली. दोन आठवड्यांनंतर माणशी सरासरी जखमा अनुक्रमे २.९९, ०.३२ आणि ०.११ निघाल्या. त्यातली आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. अभ्यासात घेण्यापूर्वी सगळ्यांची कॅप्सूल केली होती, तेव्हा कुठलीही तक्रार नसलेल्या १३.८ टक्के लोकांच्या आतड्यात आधीच काही ना काही जखमा होत्या. म्हणजे कॅप्सूलमध्ये दोन लाल ओरखडे दिसले की ‘सापडलं कारण’ म्हणून फाइल बंद करता येत नाही. रिपोर्ट हातात आल्यावर हे आठवा.

आता मूळ मुद्द्याकडे. तोंडातून जाणारी दुर्बीण जठर ओलांडून लहान आतड्याच्या पहिल्या वळणापर्यंत पोचते. खालून जाणारी मोठं आतडं पार करून लहान आतड्याच्या शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये डोकावते. मधलं पाच-सहा मीटर आतडं, वेटोळी घालून बसलेलं, दोघींच्याही हाताबाहेर. दोन्ही दुर्बिणी नॉर्मल याचा अर्थ इतकाच की गावाच्या दोन्ही वेशी पाहून झाल्या.

या मधल्या पट्ट्यात शिरायची कल्पना डॉक्टरला सुचलेली नाही. गॅव्रिएल इद्दान हे इस्रायलच्या राफाएल या संरक्षण संस्थेतले इंजिनियर, क्षेपणास्त्रांना ‘डोळे’ बसवण्याच्या कामातले. १९८१ मध्ये ते बॉस्टनला असताना शेजारी एक पोटविकारतज्ज्ञ राहत होते. लहान आतडं कसं बघताच येत नाही याची रडकथा त्यांनी इद्दान यांना ऐकवली. क्षेपणास्त्राच्या नाकात बसणारा कॅमेरा गिळता येईल एवढा लहान करायला आणि त्याला पुरेल एवढी बॅटरी मिळायला पुढची पंधरा-सोळा वर्षं गेली. लंडनमध्ये पॉल स्वेन नावाचे डॉक्टर वेगळ्या वाटेने तिथेच येत होते. दोघे एकत्र आले, आणि १९९९ मध्ये स्वेन यांनी स्वतःच ती कॅप्सूल गिळून बघितली. २००० च्या मे महिन्यात ‘नेचर’मध्ये छोटासा लेख आला, २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

वस्तू म्हणाल तर २६ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर जाड, वजन चार ग्रॅमच्या आत. मोठ्या जीवनसत्त्वाच्या गोळीपेक्षा थोडी थोराड. एका टोकाला भिंग आणि त्याभोवती बारीक दिवे, आत बॅटरी आणि चित्र पाठवणारं यंत्र. जुन्या कॅप्सूल सेकंदाला दोन चित्रं काढायच्या; आठ तासांत ५० हजारांच्या वर. नव्या कॅप्सूल आपला वेग ओळखून सेकंदाला दोनपासून सहापर्यंत चित्रं काढतात. कमरेच्या पट्ट्यातला रेकॉर्डर ती साठवतो. कॅप्सूल स्वतः चालत नाही. आतडं जसं ढकलेल तशी जाते. तिला मागे वळवता येत नाही, थांबवता येत नाही, फुगवून नीट बघता येत नाही, तुकडा काढता येत नाही. यातली प्रत्येक मर्यादा पुढे कुठे ना कुठे नडते.

२०१० मध्ये चीनमधल्या एका गटाने तोवर छापलेल्या २२,८४० कॅप्सूल तपासण्यांची एकत्र मोजदाद केली. सुमारे ५९ टक्क्यांत काहीतरी सापडलं. ८३.५ टक्क्यांत कॅप्सूल बॅटरी संपण्याआधी मोठ्या आतड्यापर्यंत पोचली. म्हणजे सहातल्या एका तपासणीत आतड्याचा शेवटचा तुकडा बघायचा राहूनच गेला. १.४ टक्क्यात ती अडकली.

हे ५९ टक्के ऐकून लोक विचारतात, मग आमच्या आईचं सापडेल का? ते आईपेक्षा वेळेवर जास्त अवलंबून आहे. मला या सगळ्या संशोधनातला एकच आकडा सांगायला सांगितला तर मी पेनात्सियो आणि त्यांच्या इटलीतल्या सहकाऱ्यांचा सांगेन. २००४ मध्ये त्यांनी असा न सापडणारा रक्तस्राव असलेल्या १०० रुग्णांची कॅप्सूल छापली. दिसेल असा रक्तस्राव चालू असताना केली तेव्हा ९२ टक्के जणांत कारण दिसलं. रक्तस्राव डोळ्यांना दिसत नाही, पण छुपा चालू आहे आणि हिमोग्लोबिन घसरतंय, अशांत ४४ टक्के. आणि आधी दिसेल असा रक्तस्राव होऊन गेलाय, आता थांबलाय, अशांत फक्त १३ टक्के. कॅप्सूल तीच, डॉक्टर तेच, आजारही बहुधा तेच.

युरोपच्या एन्डोस्कोपी संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं होतं की शक्य तितक्या लवकर, १४ दिवसांच्या आत करा. अलीकडच्या सुधारणेत ते ४८ तासांवर आणलं. आपल्याकडे काय होतं? काळी शौच होते, चार दिवस घरात कुणाला सांगत नाहीत. मग गावचा दवाखाना, मग तालुक्याला भरती, रक्ताच्या दोन बाटल्या, बरं वाटतं, सुट्टी. मग पैशांची जुळवाजुळव, पिकाचे पैसे आल्यावर, दिवाळी झाल्यावर. माझ्यापुढे रुग्ण येतो तेव्हा सहा आठवडे उलटलेले असतात, हिमोग्लोबिन १० असतं आणि आतडं चकचकीत. तेवढ्याच पैशांत ९२ वरून १३ वर आलेली तपासणी आम्ही करतो, आणि वर कॅप्सूलला नावं ठेवतो.

काळ्या शौचेबद्दल एक खुलासा, कारण यात घोटाळा नेहमी होतो. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते. ती बहुतेकदा हिरवट-काळी आणि बांधलेली असते. रक्ताची शौच डांबरासारखी, चिकट, भांड्याला धरून राहणारी आणि वेगळाच उग्र वास असलेली. एकदा तो वास आला की घरचं माणूसही विसरत नाही.

सापडतं काय, तेही बघू. पाश्चात्त्य अभ्यासांत, विशेषतः वय झालेल्या रुग्णांत, वरचा नंबर आतड्याच्या अस्तरातल्या फुगलेल्या, नाजूक रक्तवाहिन्यांच्या गाठोड्यांचा, म्हणजे अँजिओएक्टेशियाचा. पडद्यावर तो मेथीच्या दाण्याएवढा लालभडक ठिपका असतो, कडेला कोळ्याच्या पायांसारख्या रेघा. हृदयाची महाधमनीची झडप अरुंद झालेल्यांत आणि डायलिसिसवर असलेल्यांत हा जास्त दिसतो. म्हणून आईच्या छातीला कुणी स्टेथोस्कोप लावून ‘आवाज येतोय’ म्हटलं असेल तर कॅप्सूलच्या आधी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. उपाय आहेत: लांब दुर्बिणीने जाऊन जाळता येतात. पुन्हा पुन्हा रक्तस्राव होणाऱ्यांवर चीनमध्ये थॅलिडोमाइड या औषधाचा अभ्यास झाला, २०२३ मध्ये छापून आला. १५० रुग्ण होते. पुढच्या वर्षभरात रक्तस्राव निम्म्याहून कमी झाला असे रुग्ण १०० मिलिग्रॅमच्या गटात ६८.६ टक्के, ५० च्या गटात ५१ टक्के आणि खोट्या गोळीच्या गटात १६ टक्के. औषध साधंसुधं नाही, हातापायांच्या नसांवर परिणाम करतं, पण दर दोन महिन्यांनी रक्त चढवणाऱ्या माणसाला हा पर्याय आहे हे माहीत असावं.

आपल्याकडची यादी मात्र थोडी वेगळी. त्यात टीबीचे व्रण आहेत, वेदनाशामकांच्या जखमा आहेत आणि अंकुशकृमी, म्हणजे आतड्याला चिकटून रक्त पिणारे जंत, आहेत.

अंकुशकृमीची एक तपासणी मी विसरणार नाही. कोकणातल्या एक बाई, पन्नाशीच्या, जन्मभर अनवाणी भातखाचरात उभ्या. हिमोग्लोबिन ५.२. शौचेची तपासणी दोनदा झालेली, दोन्हीदा ‘जंत नाहीत’. मोठ्या शहरात सगळं करून झालेलं. कॅप्सूल वाचायला घेतली. जठरातून बाहेर पडली, पित्ताचं पिवळं-हिरवं पाणी, बुडबुडे, मग अस्तरावरचे रसांकुर दिसू लागले. पाण्याखाली गवत डोलतं तसे ते डोलतात. कितीदा पाहिलं तरी मला तो भाग बघायला आवडतो. त्या गवतात एक पांढुरका धागा. एक चित्र मागे, एक पुढे. धागा जागेवर, पण वाक बदललेला. त्याचं एक टोक अस्तरात रुतलेलं, पोटात काळपट रेघ; ते त्या बाईंचंच रक्त. शेजारी दुसरा. थोडं पुढे आणखी चार. एक अंकुशकृमी दिवसाला जेमतेम एखाद-दोन दशांश मिलिलिटर रक्त पितो, पण शेकड्याने असले आणि वर्षानुवर्षं राहिले की रक्ताच्या बाटल्यांचा हिशेब लागतो. अल्बेंडाझोलच्या काही रुपयांच्या गोळ्या आणि लोह, एवढ्यावर त्या बऱ्या झाल्या. नंतर भेटायला आल्या तेव्हा तांदूळ घेऊन आल्या होत्या आणि पायात अजूनही काही नव्हतं.

तेव्हापासून अशा प्रत्येक रुग्णाला कॅप्सूलच्या आधी मी जंताचं औषध देतो, शौचेचा रिपोर्ट काहीही असो. आईला दिलंय का, विचारा. शेतात काम करणारी असेल तर नक्की.

आता अडकण्याचं. दोन आठवड्यांनंतरही कॅप्सूल शरीरात असली की ‘अडकली’ म्हणतात. नुसत्या रक्तस्रावासाठी केलेल्या तपासणीत हे शंभरात एक-दोघांचं होतं. आधीच माहीत असलेल्या क्रोन्स आजारात (आतड्याला वर्षानुवर्षं सूज आणि व्रण येणारा आजार) जास्त. अडकते म्हणजे आतड्यात कुठेतरी अरुंद जागा आहे. युरोपात ती जागा बहुधा क्रोन्सची निघते. आपल्याकडे टीबीचा आकसलेला भाग, किंवा वर्षानुवर्षांच्या वेदनाशामकांनी तयार झालेला पातळ पडद्यासारखा अडसर. हा दुसरा प्रकार तर सीटी स्कॅनलाही चकवतो.

माझी स्वतःची चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात एका गृहस्थांना रक्तस्रावासाठी कॅप्सूल दिली. तीन आठवड्यांनी एक्स-रे काढला तर ती उजव्या बाजूला खाली आरामात बसलेली. त्यांना त्रास काहीच नव्हता. तेव्हा कुठे मी विचारलं की जेवणानंतर तासा-दोन तासांनी पोटात कळ येऊन गुडगुड आवाज होतो का, आणि मग मोकळं वाटतं का. ‘ते तर दोन वर्षांपासून आहे,’ ते म्हणाले, ‘पण तुम्ही विचारलंच नाही.’ शस्त्रक्रिया झाली, कॅप्सूल निघाली, तिला अडवणारा आतड्याचा आकसलेला तुकडाही निघाला आणि तपासणीत टीबी आला. त्यांच्या घरचे म्हणाले, अडकली म्हणून तर आजार कळला. खरं आहे, आणि तो युक्तिवाद आमच्या परिषदांतही चालतो. पण तो डॉक्टरच्या सोयीचा आहे. मी तो प्रश्न आधी विचारला असता तर निर्णय माझ्या नाही, त्यांच्या हातात राहिला असता.

म्हणून आईला अशा कळा येतात का, पोटाची जुनी शस्त्रक्रिया आहे का, पोटावर कधी किरणोपचार झालेत का, टीबीचं औषध कधी घेतलंय का, हे सगळं आधी सांगा. यातलं काहीही असेल तर आधी सीटी एन्टरोग्राफी, म्हणजे लहान आतड्याचा खास सीटी स्कॅन. काही ठिकाणी चाचणीची नकली कॅप्सूल मिळते, त्याच आकाराची, आत कॅमेरा नाही. लॅक्टोज आणि बेरियमची. अडकली तर सुमारे ३० तासांनंतर विरघळायला लागते. ती अख्खी बाहेर पडली तर खरी द्यायला हरकत नाही. सगळीकडे मिळत नाही, पण विचारायला काही पडत नाही.

सीटी आणि कॅप्सूल यांत ‘चांगली कोणती’ असं विचारू नका. आतड्याच्या भिंतीत वाढणारी गाठ सीटीला दिसते आणि कॅप्सूलसमोरून कधी कधी निसटते. सपाट लाल ठिपका कॅप्सूलला दिसतो, सीटीला दिसत नाही. त्यात लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून कॅप्सूल अक्षरशः धावत सुटते. पित्तनलिका जिथे उघडते ती जागा बऱ्याच तपासण्यांत एकाही चित्रात सापडत नाही.

आता ‘वाचणं’ का म्हणतो, ते. तुमच्या बिलातली मोठी रक्कम कॅप्सूलची असते, आणि रिपोर्टची किंमत मात्र ती वाचणाऱ्या माणसाच्या तासाभरावर ठरते. ५० हजार चित्रांतल्या दोन-तीन चित्रांतच रोग असू शकतो. सेकंदाला दहा चित्रांच्या वेगाने सुरुवातीचा भाग वाचावा, त्याहून वेगाने नको, असा दंडक आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत अनुभवी डॉक्टरांना निवडक व्हिडिओ वाचायला देऊन त्यांची परीक्षाच घेतली. निम्म्याहून अधिक विकृती त्यांच्या नजरेतून सुटल्या. त्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच कामगिरी ‘निराशाजनक’ असल्याचं म्हटलंय, आणि लिहिणारे आमच्यातलेच. २०२१ मधल्या एका अभ्यासात तर असं दिसलं की एकच कॅप्सूल वाचून झाल्यावर अचूकता उतरायला लागते. मी हे वाचल्यापासून ओपीडी संपवून रात्री तीन कॅप्सूल वाचायची सवय सोडली. सकाळी, चहानंतर, एकच.

इथे कृत्रिम बुद्धिमत्तेचं संशोधन खरंच कामाचं आहे. २०१९ मध्ये चीनमधल्या ७७ केंद्रांतून ६,९७० रुग्णांची ११ कोटींहून जास्त चित्रं घेऊन एक अभ्यास झाला. नेहमीच्या वाचनात सरासरी ९६.६ मिनिटं लागली, यंत्राच्या मदतीने ५.९. विकृती असलेले रुग्ण ओळखण्याचं प्रमाण ७४.६ टक्क्यांवरून ९९.९ वर गेलं. २०२४ मध्ये युरोपातल्या अभ्यासात, १३३ रक्तस्रावाच्या रुग्णांत, यंत्राच्या साहाय्याने ७३.७ टक्क्यांत कारण दिसलं, नुसत्या डोळ्यांनी ६२.४ टक्क्यांत, वेळ ३३.७ मिनिटांवरून ३.८ वर. सुटलेलं पकडायला यंत्र माझ्यापेक्षा सरस आहे, हे मान्य करायला मला लाज वाटत नाही. त्याला भूक लागत नाही. पण त्याने निवडलेल्या चित्रांपैकी कोणता ठिपका खरा गुन्हेगार आणि कोणता बघ्या, हे अजून माणसालाच ठरवावं लागतं, ते १३.८ टक्के आठवा. शिवाय ही यंत्रं मुख्यतः चीन आणि युरोपातल्या आतड्यांवर शिकलेली आहेत. टीबीचा व्रण आणि क्रोन्सचा व्रण यांत अनुभवी डोळाही गोंधळतो, तिथे मी यंत्रावर सोडणार नाही.

तेव्हा तपासणी कुठे करायची हे ठरवताना कॅप्सूल कुठल्या कंपनीची यापेक्षा दोन गोष्टी विचारा. वाचणार कोण, तंत्रज्ञ की डॉक्टर, आणि महिन्याला साधारण किती वाचतात? आणि काही सापडलं तर पुढे बलून एन्टरोस्कोपी तिथे होते का? ही जपानच्या हिरोनोरी यामामोतो यांची दुर्बीण, २००१ पासूनची. फुगे फुगवत-सोडत आतडं बाहीसारखं सरकवत लहान आतड्यात खोलवर जाते. तुकडा काढणं, ठिपका जाळणं, हे तीच करते. कॅप्सूल तिला पत्ता देते, वरून जायचं की खालून. पत्ता मिळाला आणि जाणारं कुणी नाही, असं झालं तर तुम्ही पुन्हा वाटेवर.

कॅप्सूल नॉर्मल आली तर? आधी तपासा: शेवटपर्यंत पोचली होती का, आतडं स्वच्छ होतं का, रक्तस्रावानंतर किती दिवसांनी केली. ही तिन्ही उत्तरं रिपोर्टमध्ये लिहिलेली असली पाहिजेत; नसली तर लिहून मागा. तिन्ही समाधानकारक असतील तर नॉर्मल रिपोर्टला वजन आहे. लोह द्या, वेदनाशामक बंद ठेवा, लक्ष ठेवा. अनेकांना पुन्हा काही होत नाही. पुढे छुपा रक्तस्राव उघड दिसू लागला किंवा हिमोग्लोबिन चार ग्रॅमने खाली आलं, तर दुसऱ्यांदा कॅप्सूल केल्याने फायदा होतो, असं ग्रीसमधल्या अभ्यासात दिसलंय. नुसतं मनाच्या समाधानासाठी पुन्हा करू नये.

क्रोन्स, सीलिअॅक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजार), आतड्यात पॉलिप येण्याचे आनुवंशिक आजार यांतही कॅप्सूलला जागा आहे, पण तो तुमचा प्रश्न नाही. मोठ्या आतड्याची कॅप्सूल निघाली आहे; २००९ च्या मोठ्या अभ्यासात तिला १९ पैकी १४ कर्करोगच दिसले होते. नंतरची पिढी बरीच सुधारली, तरी ज्याला कोलोनोस्कोपी (खालून जाणारी दुर्बीण) झेपते त्याने तीच करावी. आणि गॅस, अपचन, करपट ढेकर यांसाठी कॅप्सूल करून मागणाऱ्यांना मी परत पाठवतो.

तयारी सोपी आहे. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद, नाहीतर आतड्यात काळा गाळ बसतो आणि पन्नास हजार चित्रांत तोच दिसतो. आदल्या दिवशी हलकं, रात्री पोट साफ करायचं औषध, दहा-बारा तास उपास. गिळल्यावर दोन तासांनी पाणी, चार तासांनी थोडं खाणं, फिरायला मोकळीक. कॅप्सूल बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय अजिबात नाही. ती धुऊन परत आणायची गरज नाही. एक काका प्लास्टिकच्या डबीत घेऊन आले होते, अर्धे पैसे परत मिळतील म्हणून. खर्च माझ्या पाहण्यात तीस ते पन्नास हजारांच्या घरात जातो. विमा असेल तर आधी लेखी मंजुरी घ्या; भरती न होता तपासणी झाली म्हणून दावा नाकारल्याचं माझ्या रुग्णांनी मला सांगितलंय.

तुमच्या जागी मी असतो तर या आठवड्यात आईची पिशवी उलटी करून सगळ्या गोळ्यांची यादी केली असती, पुड्या आणि काढ्यांसकट. हृदयासाठी अॅस्पिरिन असेल तर ती मात्र स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. जंताचं औषध झालंय का, जुन्या एन्डोस्कोपीत लहान आतड्याच्या सुरुवातीचा तुकडा तपासायला घेतला होता का, कोलोनोस्कोपी खरंच टोकापर्यंत गेली होती का, हे जुन्या कागदांतून बघितलं असतं. वरून एकदा पुन्हा दुर्बीण घालायला डॉक्टर म्हणाले तर चिडू नका. जठरातलीच पहिल्यांदा सुटलेली जखम नंतर कॅप्सूलमध्ये दिसल्याचं मी पाहिलंय. मग पैशांची सोय आजच करून ठेवली असती आणि केंद्रात नाव नोंदवून सांगितलं असतं की काळी शौच झाली की दोन दिवसांत येतो.

आणि आईला डांबरासारखी शौच कशी असते ते समजावून सांगा, ती दिसली की त्याच दिवशी फोन करायचा असं कबूल करून घ्या. जमलं तर शेजारच्या काकूंनाही सांगून ठेवा. आई स्वतःहून चार दिवस सांगणार नाही.